बालकार्यक्रमाचा निर्माता आणि मुलांची भाषा
(सई परांजपे यांच्या कारकीर्दीच्या अनुषंगाने)

‘निर्माता’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या व्यवहारांत दोन निरनिराळ्या अर्थांनी रूढ आहे. चित्रपटाच्या धंद्यात निर्माता म्हणजे भांडवल घालणारा. नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्या कारभारात मात्र निर्माता म्हणजे कार्यक्रमाची कल्पना, संहिता, माणसांची निवड, वेळ आणि खर्च ह्या सर्वांची जबाबदारी अंगावर घेणारा वेतनी अधिकारी. ह्या दुसऱ्या अर्थाचा निर्माता जेव्हा मुलांच्या कार्यक्रमावर नेमला जातो, तेव्हा त्याच्या हाती असा एक अधिकार येतो की ज्याचा उल्लेख त्याच्या नेमणुकीच्या कागदात सहसा नसतो. मुलाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे हे तो ठरवितो. शब्द कोणते, वाक्ये किती लांबीची, संबोधन कोणते, आणि मुख्य म्हणजे अनेक बोलींपैकी कोणती बोली पडद्यावर येण्यास योग्य, हे निर्णय तो रोज घेतो. आणि पुष्कळदा आपण असा काही निर्णय घेतो आहोत ह्याची त्याला जाणीवही नसते.

ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी मराठी माणसांतील ठळक कारकीर्द सई परांजपे यांची होय. ‘स्पर्श’ (१९८०), ‘चष्मेबद्दूर’ (१९८१) व ‘कथा’ (१९८३) ह्या चित्रपटांच्या दिग्दर्शिका म्हणून त्या सर्वांस परिचित आहेत; परंतु त्याआधीची त्यांची वर्षे नभोवाणीचा बालविभाग, दिल्लीची दूरचित्रवाणी आणि बालचित्रसमिती ह्यांत गेली. चरित्रपर टिपणांतून हा भाग दोन ओळींत आटोपला जातो. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तोच अधिक मोलाचा वाटावा. त्या कारकीर्दीची एक कसोटी पुण्यात वा दिल्लीत लागत नाही. ती लागते कुडव्यासारख्या गावी. गोंदिया शहराला भिडलेल्या ह्या गावाच्या परिसरात पोवारी, झाडीबोली, हिंदी आणि छत्तीसगढी ह्यांचा एकाच रस्त्यावर वावर आहे, आणि प्रमाण मराठी मुलाला प्रथम भेटते ती बहुधा शाळेत. अशा मुलाशी दूरचित्रवाणी कोणत्या भाषेत बोलली, हा प्रश्न शेवटी उरतोच.

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ रोजी लखनौ येथे झाला. आई शकुंतला परांजपे, मराठी लेखिका आणि संततिनियमनाच्या कार्यकर्त्या; वडील यूरा स्लेप्झॉव्ह हे रशियन चित्रकार; आजोबा रँग्लर र. पु. परांजपे. आजोबा १९४४ ते १९४७ ह्या काळात ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे उच्चायुक्त होते, आणि नातीच्या बालपणाचा काही भाग तेथे गेला. वयाच्या आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे तिचे परीकथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या वयात बहुतेक मुले गोष्ट ऐकतात त्या वयात ही मुलगी ती सांगत होती, हा चरित्रातील कौतुकाचा भाग आपण बाजूला ठेवू. मराठी, इंग्रजी आणि पुढे हिंदी अशा भाषांमधून वाढलेल्या व्यक्तीला गोष्ट एका भाषेतून दुसरीत नेताना तिचा सूर बदलतो ह्याची जाण लवकर येत असावी, एवढाच तर्क येथे करता येतो.

त्यांच्या व्यावसायिक आयुष्याचा आरंभ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून झाला आणि लवकरच त्या तेथील मुलांच्या कार्यक्रमात गुंतल्या. पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. तेथील ‘बालोद्यान’ आणि त्यातील ‘नाना’, म्हणजे ‘आनंद’ मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर, हे त्या पिढीच्या मुलांच्या आठवणीत पक्के बसलेले आहेत. येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठी नभोवाणीने बालकार्यक्रमाच्या सूत्रधाराला नातेवाचक नाव दिले: नाना, ताई, काका. बातम्या देणाऱ्याला असे नाव नसते. ध्वनिक्षेपकापुढे बसलेली परकी व्यक्ती मुलाच्या घरात शिरते ती नात्याचा दाखला घेऊन शिरते.

सर्वनामांचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. स्टुडिओत समोर बसलेल्या मुलाला ताई ‘तू’ म्हणते. घरोघरी ऐकणाऱ्या न दिसणाऱ्या मुलांना ‘तुम्ही’ म्हणते. हा ‘तुम्ही’ आदरार्थी नव्हे, अनेकवचनी आहे. तरी एकट्याने ऐकणाऱ्या मुलाच्या कानी तो काहीसा मोठेपणा देणारा पडतो. मराठीतील ह्या संदिग्धतेचा बालकार्यक्रमांना फार उपयोग झाला आहे. हिंदीत मात्र ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि ‘बच्चो’ ह्या संबोधनानंतर ‘तुम’ घ्यावयाचे की ‘आप’, हे ठरविल्यावाचून पुढचे क्रियापद लिहिता येत नाही. पुण्याहून दिल्लीस गेलेल्या निर्मात्याला आपली सगळी वाक्ये ह्या एका प्रश्नापायी नव्याने जुळवावी लागतात.

मुलांशी बोलण्याच्या भाषेचा शास्त्रीय विचार योगायोगाने ह्याच सुमारास सुरू झाला, आणि त्यात मराठीचा वाटा पहिल्यापासून आहे. १९६४ मध्ये चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी सहा भाषांतील शिशुभाषेची तुलना प्रसिद्ध केली. अरबी, कोमँची, गिल्याक, इंग्रजी व स्पॅनिश ह्यांच्या जोडीला त्यांत मराठी होती. त्याच वर्षीच्या ‘वर्ड’ ह्या नियतकालिकाच्या खंडात अशोक केळकर ह्यांचा मराठी शिशुभाषेवरील स्वतंत्र लेख आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी हा लेख मुळातून वाचावा. मराठीत शिशुभाषा हा विषय म्हणजे आज्यांच्या कौतुकाचा विषय असा जो समज आहे तो त्याने दूर होईल. चिऊ, माऊ, भूभू, हम्मा, मंमं ह्या शब्दांतील द्विरुक्ती, ओष्ठ्य व्यंजनांचे प्राबल्य आणि जोडाक्षरांचा अभाव ह्या गोष्टी केवळ लाडाच्या नाहीत. त्यांना व्यवस्था आहे, आणि ती प्रौढांकडून पुढच्या प्रौढांकडे परंपरेने जाते.

परंतु बालकार्यक्रमाच्या निर्मात्याला ही भाषा वापरता येत नाही. त्याचा श्रोता पाच ते बारा वर्षांचा असतो. त्याला कोणी ‘हम्मा’ म्हणून दाखविले तर तो अपमान समजेल. दुसऱ्या बाजूला पाठ्यपुस्तकाची भाषाही चालत नाही, कारण ती ऐकताच मूल शाळा सुटण्याची वाट पाहू लागते. म्हणून एक तिसरी भाषा घडवावी लागते. ती मुलांच्या खेळातील बोलण्याला जवळची, पण लेखकाने बेतलेली असते. तिची वाक्ये लहान, क्रियापदे पुढे ओढलेली, प्रश्न वारंवार, आणि प्रश्नानंतर थोडा विराम. ह्या विरामात मूल घरी बसून उत्तर देते असे निर्माता मनाशी धरून चालतो. ते देते की नाही हे त्याला कधीच कळत नाही.

सई परांजपे यांचे सामर्थ्य ह्या तिसऱ्या भाषेत आहे असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा त्यांच्या कृतींच्या नावांतच मिळतो. ‘झाली काय गंमत’ हे त्यांच्या एका बालनाट्याचे नाव पाहावे. क्रियापद आरंभी, ‘काय’ मध्ये, कर्ता शेवटी; लेखी मराठीचा पदक्रम येथे मोडलेला आहे, आणि धावत घरी आलेल्या मुलाच्या तोंडचा पदक्रम घेतलेला आहे. ‘शेपटीचा शाप’ ह्यातील ‘श’चा अनुप्रास, ‘पत्तेनगरीत’ ह्यातील सप्तमी, जी वाचकाला त्या नगरीत नेऊनच सोडते, ह्याही गोष्टी बोलण्याच्या आहेत. पुढे हिंदीत गेल्यावरही ही खोड सुटली नाही. दूरदर्शनवरील त्यांच्या मालिकांची नावे ‘अडोस पडोस’ (१९८४) आणि ‘छोटे बडे’ (१९८५) अशी आहेत. पहिले द्विरुक्त समास, दुसरे जोडशब्द, आणि दोन्ही बाजारात ऐकू येणारी. ‘कथा’ हा चित्रपट तर ससा आणि कासव ह्यांच्या गोष्टीचे चाळीत केलेले रूप आहे. बालविभागातील कामाचा संस्कार प्रौढांच्या चित्रपटांतही राहिला, तो असा.

राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचा अभ्यासक्रम १९६३ मध्ये पूर्ण केल्यानंतर पुढे त्यांनी दिल्लीच्या दूरचित्रवाणीत दिग्दर्शिका व निर्माती म्हणून अनेक वर्षे काम केले. ह्या दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ चा. १९६१ मध्ये फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने दिल्लीतील शाळांसाठी पाठांचे प्रक्षेपण सुरू झाले. रोजची सेवा १९६५ पासून. म्हणजे भारतात दूरचित्रवाणी रोजची करमणूक होण्याआधी काही वर्षे शाळकरी मुलांची शिक्षिका झाली होती. ह्या क्रमाचा परिणाम दूरवर झाला. मुलांसाठी जे करावयाचे ते शिकविण्यासाठी, ही समजूत संस्थेच्या अंगात भिनली, आणि खेळकर भाषेचा आग्रह धरणाऱ्या निर्मात्याला तिच्याशी झगडणे भाग पडले. १९७२ मध्ये ‘द लिटल टी शॉप’ ह्या दूरचित्रपटाला तेहरान येथे आशियाई प्रक्षेपणसंघाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती सई परांजपे यांच्याकडे सोपविण्यात आली होती. मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या दिवसावर एका बालविभागातून आलेल्या निर्मातीची छाप असावी, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी अद्याप पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

ह्यानंतर संस्थेचा टप्पा. बालचित्रसमिती ही पंडित नेहरूंच्या प्रेरणेने १९५५ मध्ये स्थापन झालेली शासकीय संस्था. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. सई परांजपे यांनी तिचे अध्यक्षपद दोनदा भूषविले आणि तिच्यासाठी ‘जादू का शंख’ (१९७४) व ‘सिकंदर’ (१९७६) हे चित्रपट केले. ‘जादूचा शंख’ ह्या नावाचे त्यांचे मराठी बालनाट्यही आहे. शंख तोच, पण ‘चा’च्या जागी ‘का’ आला. समितीची निर्मिती मुख्यतः हिंदीत होई व इतर भाषांतील मुलांपर्यंत ती भाषांतरित ध्वनीने पोचे. ह्यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. मर्यादित पैशात साऱ्या देशातील मुले गाठावयाची तर दुसरा मार्ग सुचणे कठीण. तथापि कारकिर्दीची रेषा पाहिली असता एक विलक्षण गोष्ट दिसते. पुण्याच्या स्टुडिओत निर्मातीचा अधिकार लहान होता, पण तिची भाषा आणि श्रोत्याची भाषा ह्यांत अंतर थोडे होते. दिल्लीत अधिकार वाढला आणि अंतरही वाढले. अध्यक्षपदी अधिकार देशव्यापी झाला, आणि तेव्हा मुलाच्या कानी पडणारा शब्द निर्मातीने लिहिलेला राहिला नाही, भाषांतरकाराचा झाला.

अमेरिकेत जोन गँझ कूनी ह्यांची कारकीर्द ह्याच काळातली. दूरचित्रवाणीच्या निर्मात्या म्हणून काम केलेल्या ह्या बाईंनी १९६८ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’चे प्रक्षेपण सुरू झाले. त्यांनी मानसशास्त्रज्ञांना लेखकांच्या शेजारी बसविले, आणि कार्यक्रमाची भूमी म्हणून शहरातील गरीब वस्तीची गल्ली निवडली. आपल्याकडे निर्माता सरकारने उभारलेल्या संस्थेत शिरला. कूनीबाईंनी संस्थाच कार्यक्रमासाठी काढली. फरक व्यक्तींच्या कर्तबगारीचा नाही, मांडणीचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दूरचित्रवाणी मुलाला भाषा शिकविते काय? ह्याचे उत्तर बहुतेक लोक समजतात त्याहून वेगळे आहे. जॅक्वेलिन सॅक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे आईवडील बहिरे होते. त्याला स्वतःला ऐकू येत होते, आणि बोललेली इंग्रजी त्याच्या कानी पडे ती मुख्यतः दूरचित्रवाणीवरून. ३ वर्षे ९ महिने वयाला त्याच्याजवळ शब्द होते, पण वाक्यरचना विपरीत होती. प्रौढ व्यक्तीशी प्रत्यक्ष संभाषण सुरू होताच ती झपाट्याने सुधारली. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल ह्यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांवर केलेल्या प्रयोगातही हेच दिसले: समोर बसून चिनी बोलणाऱ्या व्यक्तीकडून बालके त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखावयास शिकली, तीच व्यक्ती पडद्यावर दाखविली असता शिकली नाहीत. निर्मात्याने सोडलेला विराम पडद्यावरून उत्तराची दखल घेऊ शकत नाही, आणि व्याकरण येते ते अशा दखलीतून.

असे असेल तर मुलांच्या दूरचित्रवाणीच्या भाषेची एवढी चर्चा कशासाठी? कारण ती व्याकरण शिकविणार नाही, पण मान शिकविते. कोणती बोली पडद्यावर गोष्ट सांगण्यास योग्य आणि कोणती केवळ हसविण्यास, हे मूल फार लवकर ओळखते. झाडीबोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो: डोळ्याचा ‘डोरा’ होतो, फळाचे ‘फर’. वऱ्हाडीत तोच ‘डोया’. ‘ण’ झाडीबोलीत नाही. ‘पानी’ हाच शब्द. हे नियम इतके नेमके आहेत की वर्गात ध्वनिपरिवर्तन शिकविताना ह्यांसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. पोवारीचे प्रकरण तर आणखी रंजक. ‘आहे’ ह्या अर्थी तेथे ‘से’, ‘माझा’ ह्या अर्थी ‘मोरो’. ग्रिअर्सनने ह्या बोलीला पूर्व हिंदीत बघेलीच्या जवळ बसविले, आणि तिचे नेमके स्थान कोणते हा वाद पुढेही चालू राहिला. दूरचित्रवाणीवरील मराठीत असे उच्चार आले ते बहुधा गडी, चोर वा विदूषक ह्यांच्या तोंडी. ‘ताई’ कधी ‘डोरा’ म्हणाली नाही.

कुडव्याच्या अंगणापर्यंत दूरचित्रवाणी कशी पोचली हे येथे सांगितले पाहिजे. मुंबई केंद्राचा ‘किलबिल’ हा मुलांचा कार्यक्रम पश्चिम महाराष्ट्राच्या एका पिढीच्या जिव्हाळ्याचा. पूर्व विदर्भ त्या प्रक्षेपणाच्या टप्प्याबाहेर होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा जो प्रयोग झाला, आणि ज्याचे कार्यक्रम-व्यवस्थापक एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते, त्यात महाराष्ट्र नव्हता. पण त्या वेळच्या मध्य प्रदेशातील रायपूरचा मुलूख होता, म्हणजे गोंदियाचा पूर्वेकडचा शेजार. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. छत्तीसगढी बोलणाऱ्या त्या मुलांना जी भाषा ऐकावयास मिळाली ती राजस्थान व बिहारसह तिन्ही राज्यांसाठी सामाईक अशी हिंदी होती.

महाराष्ट्राची पाळी इन्सॅटबरोबर आली. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कार्यान्वित झाला. मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांसाठी राज्यातून निवडलेले जिल्हे होते नागपूर, चंद्रपूर आणि भंडारा. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता. तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. कार्यक्रम दोन वयोगटांसाठी होते, पाच ते आठ आणि नऊ ते अकरा. आणि ते तयार करण्यासाठी १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली. राज्याच्या पूर्व टोकाच्या मुलांसाठी योजिलेला कार्यक्रम पश्चिमेच्या शहरात तयार होई. दोहोंमधील अंतर रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरांचे, आणि ‘डोळा’ ते ‘डोरा’ एवढे.

ह्याला पर्याय नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे १९७५ पासून एका लहान प्रक्षेपकावर स्थानिक कार्यक्रम चालले, ते चरोतरी बोलीत. गावकरी त्यांत स्वतः भूमिका करीत. त्या प्रकल्पाला १९८४ मध्ये युनेस्कोचे ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली त्याच वर्षी बोलीतील दूरचित्रवाणीची जगाने दखल घेतली होती. झाडीपट्टीत तर बोलणारी माणसे आणि नाटके दोन्ही तयार होती. धानाची कापणी झाली की रात्ररात्र चालणारी नाटके आणि दंडार हा ह्या भागाचा नित्याचा व्यवहार. एखाद्या निर्मात्याने मंडईत एक चक्कर मारली असती तरी कार्यक्रमाला पात्रे मिळाली असती.

‘बालचित्रवाणी’ २०१७ मध्ये बंद झाली. आज ह्या भागातील मुले पडद्यावर जे पाहतात ते पुष्कळसे हिंदीत भाषांतरित झालेले असते, आणि त्यामुळे प्रश्न मराठीच्या प्रमाणरूपाचा की बोलीचा, एवढाच राहिलेला नाही. तरी तेहतीस वर्षांत त्या संस्थेने मुलांशी बोलण्याची जी मराठी घडविली ती अभ्यासाचा विषय आहेच. तिच्यात प्रश्नवाक्यांचे प्रमाण किती, प्रश्नानंतरचा विराम किती क्षणांचा, ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ह्यांची वाटणी कशी, पाच ते आठ व नऊ ते अकरा ह्या वयोगटांसाठी वाक्याची लांबी खरोखर बदलते काय, आणि नागपूर-भंडारा-चंद्रपूर ह्या प्रदेशाचा एखादा तरी शब्द निवेदकाच्या तोंडी येतो काय, हे मोजता येण्याजोगे आहे. त्यासाठी नवे सिद्धांत लागणार नाहीत. केळकरांच्या लेखात पद्धतीचा धागा मिळतो. श्रोत्यांची बाजू मात्र अधिक निकडीची. १९८४ साली पाच ते अकरा वर्षांची असलेली कुडवा व आसपासची मुले आज पंचेचाळीस ते पंचावन्न ह्या वयाची आहेत. त्यांतील काही जण शिक्षक असतील, काहींना नातवंडे आली असतील. शाळेतल्या त्या संचावरची ताई काय म्हणाली आणि घरी गेल्यावर त्यांनी ते कोणत्या बोलीत सांगितले, हे त्यांना अजून विचारता येते.